बेळगाव ते चोडण : सायकल मार्गाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

दिवाळीचा फराळ अजून डब्यात आहे आणि आम्ही चौघं टिळकवाडीत नकाशा पसरून बसलो. बेळगावहून चोर्ला घाट उतरायचा, साखळी-डिचोली करत चोडण बेट गाठायचं, तिथलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य बघायचं आणि फेरीबोटीने रायबंदरला उतरून पणजीत थांबायचं, असा मार्ग ठरवलाय. तो लिहून काढायचा, म्हणजे पुढच्या माणसाला विचारत बसायला नको.

बेळगावकराला चोर्ला पाठ असतो, पण गाडीच्या काचेतून. शनिवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत, मध्ये कणकुंबीला चहा. सायकलीने जाणारेही घाट उतरले की हायवे पकडून थेट समुद्रकिनारा गाठतात. खाडीकाठच्या कांदळवनाकडे कोणी वळत नाही. चोडणचं अभयारण्य १९८८ सालचं, क्षेत्रफळ जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. आमच्या मास्तरांनी (निवृत्त, भूगोल, वय सांगत नाहीत) लगेच शेरा मारला, "एवढ्याशासाठी नव्वद-शंभर किलोमीटर जायचं?" वर स्वतःच उत्तर दिलं, "पण पाणी आपलंच आहे तिथलं."

ते खरंय. मांडवी म्हणजे आपली म्हादई. उगम खानापूर तालुक्यात, देगावच्या रानात. चोडणच्या चिखलात जी नदी पसरते ती इथूनच गेलेली.

कामं वाटून घेतली. मी अंतर आणि वेळा टिपणार, मास्तर नकाशा काढणार, मावसभाऊ यांत्रिक बाजू बघणार. चौथा मेंबर कॉलेजातला पोरगा. तो फोटो काढणार आणि पुढे पळणार.

९ नोव्हेंबर, रविवार. पहिली पाहणी

सगळं चुकलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सहाला निघायचं ठरलं होतं, निघालो सातला. पिरनवाडी नाक्यावर पोहे. किणये ओलांडल्यावर रस्ता मोकळा झाला. पहिला गैरसमज इथेच फिटला. "गोव्याला काय, उतारच की!" असं सगळे म्हणतात. बेळगाव आणि कणकुंबी यांच्या उंचीत फार फरक नाही, पण मधला रस्ता सारखा वर-खाली होतो. जांबोटीपर्यंत पाय गरम होतात, पुढे जंगल सुरू झालं की चढ दिसत नाही, नुसता जाणवतो. चोर्ल्यापर्यंतचा एकूण चढ माझ्या घड्याळाने पाचशे मीटरच्या वर दाखवला. उतार म्हणून निघालेल्या माणसाला हे आधी सांगायला हवं.

कणकुंबी, सुमारे ४० किलोमीटर. माउलीच्या देवळात मलप्रभेचा उगम. इथे थांबायचंच, पाणी भरायला आणि एक गोष्ट बघायला. देवळातून निघणारं पाणी पूर्वेला जातं, कूडलसंगमाला कृष्णेत मिळतं आणि बंगालच्या उपसागरात पोचतं. इथून जवळच्याच कळसा नाल्याचं पाणी पश्चिमेला म्हादईत जातं आणि अरबी समुद्र गाठतं. म्हणजे इथे आपण पाणलोटाच्या कण्यावरून सायकल चालवत असतो. याच नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून दोन राज्यांचं भांडण लवादापर्यंत गेलं. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी मिळालं, तरी वाद मिटलेला नाही. चहावाल्याकडे हा विषय काढू नये, अर्धा तास जातो. आमचा गेला.

घाटात दुसरा धडा. मावसभावाची सायकल जुनी, रिमला घासणाऱ्या ब्रेकची. आठव्या-नवव्या वळणावर त्याने हात वर केला. रिम इतकी तापली होती की बोट लावता येईना. सतत दाबून धरलेला ब्रेक रिम तापवतो, त्या उष्णतेने आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटते. त्याची फुटली नाही, पण झडपेपाशी हवा सुटायला लागली होती. नवी ट्यूब घालून, सावलीत रिम निवेपर्यंत पाऊण तास गेला. ब्रेक वळणाआधी जोरात मारायचा आणि सोडून द्यायचा, दाबून धरायचा नाही.

केरी, अंजुणे धरणाचा पायथा, मग साखळी. इथे हवा बदलते. वर जॅकेट, खाली घामाच्या धारा. डिचोलीच्या आसपास रस्त्याकडेला खाणीची लाल माती. मये गाठेपर्यंत आमचे पाय गेरूने रंगवल्यासारखे झाले होते.

चोडणला पोचलो पावणेदोनला. अभयारण्याच्या बाजूला गेलो तर नुसतं पाणी. झाडांच्या बुंध्यांपर्यंत तुडुंब. ज्याचे फोटो बघून आलो होतो तो चिखल, त्यावरचे पक्षी, काही नाही. दूर एक ब्राह्मणी घार आणि कांदळाच्या फांदीवर एक खंड्या. पोरगा म्हणाला, "काका, ह्यापेक्षा किल्ल्याच्या तळ्यावर जास्त बगळे असतात." मास्तर गप्प. मी पण.

बोटीने रायबंदर, तिथून पणजी, आणि येताना बस. सायकली टपावर बांधताना कंडक्टरशी हुज्जत झाली. परतीची सोय वेगळी बघायला हवी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कारवारच्या मावशीला सहज फोन केला होता. तिचं सासर खाडीकाठचं, घरात तीन पिढ्या मासेमारी. रविवारचं सांगितलं तर हसतच सुटली.

"पंचमीला दुपारी चिखल बघायला गेलास? अरे बाळा, त्या वेळेला भरती असते. तुमच्या घरात कालनिर्णय नाही काय?"

मग तिने हिशोब सांगितला. तो जसाच्या तसा उतरवतो, कारण आमच्या सगळ्या मार्गाची किल्ली हीच निघाली. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पंचमी म्हणजे पाच, पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे दोन वाजता पाणी चढतच असणार. अष्टमीला सहाला भरती, सव्वाबाराला ओहोटी. शुद्ध-वद्य काही फरक नाही, तिथी तेवढी बघायची.

हा हिशोब मुंबईकडे साधारण बसतो. दक्षिणेला वेळ थोडी अलीकडे येते, गोव्याच्या तोंडाशी साधारण तासभर. पण पाणी मांडवीतून आत चढून चोडणपर्यंत यायला परत थोडा वेळ लागतो. नदीत भरतीचा जोर फार आतपर्यंत, गांज्याच्या बाजूपर्यंत जाणवतो. तेव्हा चोडणसाठी पाऊणपटीतून पंधरा-वीस मिनिटं वजा धरायची असं मी ठरवलंय. पडताळून बघायचंय.

तिने अजून एक बजावलं. उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, चढ-उतार कमी. "भांगेला चिखल निम्माच उघडा पडतो. नुसती वेळ बघून चालत नाही रे."

मास्तरांना सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प राहिले, मग म्हणाले, "छत्तीस वर्षं पोरांना भरती-ओहोटी शिकवली ओ मी. फळ्यावर चंद्र काढून."

२३ नोव्हेंबर, रविवार. मोटारसायकलने

आज सायकल नाही. फाटा बघायला मी आणि मावसभाऊ मोटारसायकलवरून गेलो. डिचोलीहून मयेऐवजी नार्व्याकडे वळायचं, तिथल्या फेरीने दिवाडी बेटावर आणि दिवाडीहून दुसऱ्या फेरीने जुने गोवे, असा बेत.

नार्व्याचं सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीवर होतं. ते पाडल्यावर देव नदी ओलांडून इथे आले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. बेळगावच्या माणसाला मार्गात एवढं कारण पुरतं. देवळापाशी सावली आहे, पाणी आहे, सायकली टेकवायला भिंत आहे.

पण आजचा खरा दिवस दिवाडीच्या खाजनात गेला. खाजन म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली शेती. भरतीच्या वेळी शेत बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असतं, मधे फक्त मातीचा बांध. बांधात ठिकठिकाणी मानस, म्हणजे लाकडी झडपेचं दार. आज तृतीया, पाऊणपट सव्वादोन. दोनच्या सुमारास आम्ही मानशीवर उभे. बाहेरचं पाणी फुगलं तसं त्यानेच झडप दाबून बंद केली. हात लावायला माणूस नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर जास्त होतो आणि तीच झडप बाहेर उघडते. शेतातलं जादा पाणी निघून जातं, खारं आत येत नाही. मावसभाऊ गॅरेजवाला. बराच वेळ वाकून बघत होता, मग म्हणाला, "नॉनरिटर्न व्हॉल्व्ह की रे हा."

बांध बघून माझ्या डोक्यात मोह शिरला. सरळ, सपाट, दोन्हीकडे पाणी, सायकलीसाठी याहून चांगली वाट कुठली? तेवढ्यात एक शेतकरी आले. साठीचे, खांद्यावर फावडं. काय करता विचारलं, सांगितलं. शांतपणे म्हणाले, "रस्त्यावरून जावा, बांधावरून नको." कुर्ल्या बांध पोखरतात, त्यात वरून चाकं फिरली की माती बसते, आणि भरतीला एकदा पाणी आत घुसलं की शेत खारावतं. ते धुऊन निघायला पावसाळे जातात. नकाशावर मास्तरांनी पेन्सिलने बांधाची ओळ काढली होती, ती खोडायला लावली. आमच्या मार्गात डांबर सोडून कुठेही चाक जाणार नाही.

वेळेचं गणित: दोन फेऱ्यांची वाट बघण्यात दीड तास जातो. पहिल्यांदा जाणाऱ्याने मयेवरूनच जावं, तिकडून चोडणला रस्त्याने पोचता येतं. नार्वे-दिवाडी हा निवांत माणसाचा फाटा.

३० नोव्हेंबर, रविवार. दुसरी पाहणी

आज दशमी. पाऊणपट साडेसात, वजा वीस मिनिटं, म्हणजे सात-सव्वासातला भरती आणि दीडच्या आत ओहोटी. बरोबर सहाला निघालो. मास्तर पावणेसहाला दारात हजर होते, हेल्मेटखाली मफलर.

एक नोंद तातडीची: पहाटे या रस्त्यावर भाजीचे टेम्पो असतात. बेळगावची भाजी गोव्याला जाते, आणि ती बाजार उघडायच्या आत पोचवायची असल्याने टेम्पो अंधारातच सुसाट सुटतात. आम्ही चार वाजता निघण्याचा विचार करत होतो, बरं झालं केला नाही. सहानंतर बहुतेक गेलेले असतात.

वेळा: जांबोटी सव्वासात, कणकुंबी पावणेनऊ (चहा, पण पाण्याचा विषय काढला नाही), घाट उतरून केरी दहा, डिचोली अकरा, चोडण साडेबारा. ट्यूब एकही गेली नाही. मावसभावाने नवे ब्रेक-पॅड घातले होते, शिवाय प्रत्येक चौथ्या वळणावर थांबत होता.

आणि मग चोडण. तेच ठिकाण, पण वेगळाच मुलूख. पाणी मागे सरलेलं, तिवरांखाली पेन्सिली उभ्या कराव्यात तशी हजारो श्वासमुळं चिखलातून वर आलेली. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळंच वर काढतं. कांदळाची मुळं वेगळी, कमानी टाकत उतरणारी. तिवराचं पान पोरग्याला चाटायला लावलं, तोंड वाकडं केलं त्याने. झाड शोषलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, मासा असून जमिनीवर चालणाऱ्या. पक्ष्यांत तुतवार, चिखल्या, टिलवे, लहान बगळे. मोजायचा प्रयत्न दोनशेपर्यंत केला, मग सगळे एकदम उडाले. मास्तरांनी दुर्बीण अर्धा तास कोणाला दिली नाही.

भांग नुकतीच सरल्याने पाणी पूर्ण उतरलं नव्हतं. मावशी म्हणाली तसंच, मधला पट्टा ओलाच राहिला. दोन दिवस पुढची तिथी असती तर अजून उघडलं असतं.

आतल्या बोटीची चौकशी केली तर उलटा प्रकार. अरुंद खाड्यांतून बोट जायला पाणी लागतं, म्हणजे भरती. चिखलावरचे पक्षी हवे असतील तर ओहोटी. दोन्ही एका वेळेला मिळत नाही. सायकलवाल्याला काठावरून बघायचंय, त्याने ओहोटीच धरावी. सायकली बाहेर कुलूप लावून ठेवायच्या आणि चालत जायचं, असं आम्ही ठरवलं. कुंभारजुव्याच्या कालव्याच्या बाजूला मगरी आहेत, तेव्हा पाण्यात पाय बुडवून फोटो काढायची हौस नको. (पोरग्यासाठी.)

परतताना फेरीच्या धक्क्यावर मी आपटलो. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर हिरवी बुळबुळ असते. सायकलचे बूट, खाली लोखंडी क्लीट. पहिल्याच पावलाला दोन्ही पाय आकाशात. कोपर सोललं, सायकल वाचली. बोटीवरच्या एका बाईने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "ह्या वेळेला सगळे पडतात." नकाशावर लाल शाईने: *ओहोटीला धक्क्यावर बूट काढा.*

रायबंदर ते पणजीचा रस्ता मुद्दाम सावकाश केला. मांडवी आणि जुन्या मिठागरांच्या मधून जाणारा हा बांधरस्ता पोर्तुगीज काळातला, १६३३-३४ च्या सुमाराचा, तीन-सव्वातीन किलोमीटर. दोन्हीकडे कांदळ. रहदारी बरीच, तेव्हा एकामागे एक चालवायचं, गप्पा नाहीत.

परतीचा प्रश्न सुटला! सकाळी भाजी उतरवलेले टेम्पो दुपारनंतर रिकामे बेळगावला परततात. बाजारात दोघा-तिघांना विचारलं, एक तयार झाला. माणशी दोनशे, सायकलीसकट. मागे कोबीच्या पानांवर बसून चोर्ला चढलो. मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी, म्हादईवर चर्चा.

७ डिसेंबर, रविवार

घरीच. नकाशाचा पक्का कागद करायला बसलो आणि रविवारांवर येऊन अडकलो. तिथी आणि वार एकमेकांची वाट बघत नाहीत. साडेबारा-एकला पोचणाऱ्याला ओहोटी दुपारी एक ते साडेतीन हवी, म्हणजे दशमी ते त्रयोदशी. पौर्णिमेला ओहोटी पाचच्या पुढे जाते. उधाणाचा चिखल भरपूर, पण बघेपर्यंत अंधार आणि परतीचा टेम्पो गेलेला. रविवारची तिथी दर पंधरवड्याला जराशी मागे सरकते. १६ नोव्हेंबरला द्वादशी होती, ती वाया गेली. ३० ला दशमी, १४ डिसेंबरला परत दशमी, २८ ला अष्टमी लागून नवमी, पुढे जानेवारीत रविवारी जुळत नाही. मग थेट १५ फेब्रुवारी आणि १ मार्च, दोन्ही त्रयोदशा. म्हणजे सगळ्यांना घेऊन जायचं तर येता रविवार, नाहीतर दोन महिने थांबा.

त्यामुळे कागदाचं रूप बदललं. आधी वरच्या ओळीत किलोमीटर होते. आता वर तिथी, तिच्यापुढे ओहोटीची वेळ, मग "बेळगाव सोडा" आणि "कणकुंबी सोडा" अशा वेळा, आणि अंतर सगळ्यात खाली बारीक अक्षरात. मावसभावाला पटलं नाही. "लोक पहिल्यांदा किती किलोमीटर ते विचारतात की." विचारू देत.

गावांची नावं मराठीत लिहिली, पण कर्नाटकातल्या पाट्या बऱ्याच ठिकाणी फक्त कन्नडात आहेत. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी वळणाची खूण झाडा-देवळावरून दिली. यावरही वाद घालणारे भेटतील. आमचा हेतू माणूस चुकू नये एवढाच.

१४ डिसेंबर, रविवार

नऊ जण. सहाला निघणार होतो, सव्वासहाला निघालो, बेळगावच्या मानाने हे वेळेआधीच. थंडी चांगली होती. जांबोटीपर्यंत बोटं बधिर, म्हणून हातमोजे यादीत घातले.

घाटात तिघांना थांबवून ब्रेक निववायला लावले. एकाने ऐकलं नाही, केरीच्या आधी त्याची ट्यूब फुटली. आवाज दरीत घुमला, मागच्या कारवाल्याने घाबरून ब्रेक मारला. बाकी प्रवास सुरळीत.

चोडण बारा पन्नास. पाणी उतरतच होतं, दीडला तळाला लागलं. वीस मिनिटांचा अंदाज बरोबर ठरला, याचा आनंद मला पक्ष्यांपेक्षा जास्त झाला हे कबूल करतो. नवीन आलेल्यांपैकी शहापूरच्या एक वहिनी, पन्नाशीच्या, पहिल्यांदाच एवढ्या लांब आलेल्या, काठावर बसून राहिल्या. जेवायलाही उठल्या नाहीत. खंड्याने निवटी उचलली ते फक्त त्यांनाच दिसलं, आम्ही तेव्हा डबे उघडत होतो.

धक्क्यावर आठ जणांनी बूट काढले. नववे मास्तर. "मी बघून चालतो," म्हणाले. पडले. चष्मा माझ्या खिशात होता म्हणून वाचला.

रात्री मावशीला फोन केला. "परत दशमीलाच गेलासा? द्वादशीला गेला असता तर अजून उघडलं असतं," हेच. रविवार नव्हता म्हटलं तर म्हणाली, समुद्राला रविवार नसतो, रजा काढ.

मास्तरांनी घरच्या कालनिर्णयात फेब्रुवारीच्या पानावर १५ ला गोल केलाय. महाशिवरात्र आहे, नार्व्याला गर्दी असणार. त्या दिवशी फाटा नाही, मयेवरूनच जायचं.